अठ्ठ्याऐंशी टक्के

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे.

स्लॅबवर उकिडवा बसून पाण्याच्या टाकीच्या सावलीची कड खडूने आखत होतो. दर तासाला आखणार आहे. संध्याकाळपर्यंत सावली कुठे कुठे फिरते ते कळेल, म्हणजे सोलरच्या प्लेटा तेवढी जागा सोडून बसवता येतील. ही कल्पना माझी. शिवकुमार अण्णाने, माझ्या थोरल्या भावाने, ऑस्ट्रेलियातून एवढेच सांगितले होते की प्लेटांवर सावली पडता कामा नये.

वही नवी आहे. मी दहावीपुढे शिकलो नाही, पण आळंदच्या छापखान्यात सात वर्षे लग्नपत्रिका जुळवल्या, मराठी आणि कानडी दोन्ही, आणि माझ्या हातून कुणाचे नाव चुकले नाही. आता पत्रिका फोनवरच जातात. दिवाळीला छापखाना बंद झाला. डिसेंबरात अण्णाचे पैसे आणि बँकेचे कर्ज मिळून वर्षभर वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेतली. आमच्या खजुरी गावाहून कलबुर्गीला भाडी मारतो. मागच्या मालकाने गाडीचे माहितीपुस्तक हरवले म्हणून दिले नाही, ते मनाला लागून राहिले आहे.

खाली माझ्या वडिलांचे, अप्पांचे, मशीन चालू आहे. अप्पा तीस वर्षे तूरडाळीच्या मिलमध्ये काट्यावर होते. वजन कधी चुकले नाही, पण धूळ छातीत बसली. मशीन हवेतून ऑक्सिजन काढते आणि नळीने नाकात सोडते. ते करंटवर चालते. लाइट गेली की इन्व्हर्टर आहे. सोलर आल्यावर गाडीही घरच्या उन्हावर चालेल आणि अप्पांचे मशीनही. सगळे त्याचसाठी आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी.

अण्णाशी व्हिडिओवर बोलणे झाले. आळंदचे बॅटरीवाले हावगेप्पा म्हणतात की सोलर बॅटरीसकट घे, लाखभर जास्त पडतील. अण्णा नको म्हणाला. त्याच्या गल्लीत निम्म्याहून जास्त घरांवर प्लेटा आहेत आणि बॅटरी क्वचित कुणाकडे. दिवसा जास्तीचा करंट तारेत सोडायचा, रात्री तारेतून घ्यायचा. मीटर दोन्ही बाजूंनी मोजते.

"हावगेप्पा बॅटऱ्या इकायलाय. त्यो आनि दुसरं काय सांगंल?" अण्णा म्हणाला. अप्पा हसले, मग बराच वेळ खोकले.

मी विचारले की तिकडे लाइट किती वेळा जाते. अण्णाला आठवावे लागले. म्हणाला, गेल्या वर्षी एकदा गेली होती.

बॅटरी घ्यायची नाही असे ठरले. अण्णा तिथे इंजिनिअर आहे, चार वर्षे झाली. पैसेही त्याचेच आहेत.

रविवार, २ मार्च.

भाडे नव्हते. अप्पांना फोनवरून वाचून दाखवले. नॉर्वे देशात नव्या विकल्या जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या गाड्या करंटवरच्या आहेत. जर्मनीत लोक बाल्कनीच्या कठड्याला प्लेट टांगतात, आपण सतरंजी वाळत टाकतो तशी. पाकिस्तानात लोकांनी लाइटच्या कटकटीला कंटाळून आपापल्या छपरांवर प्लेटा चढवल्या. अप्पांनी प्रत्येक देशाविषयी एकच गोष्ट विचारली, तिथे ऊन किती पडते. नॉर्वेच्या वरच्या भागात हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवत नाही हे ऐकून ते उठून बसले.

"मग त्येंच्या गाड्या कशावर पळायलेत?"

पाण्यावर तयार केलेल्या करंटवर, मी म्हणालो. अप्पांनी दाराबाहेरच्या उन्हाकडे पाहिले. मग म्हणाले, "आपल्याकडं ऊन म्हंजे नुसतं वाया. कुनी काट्यावर घातलंच न्हाई त्येला."

अव्वा, माझी आई, आतून म्हणाली, "तुमीच घाला आता. तुमाला तेवढंच येतंय."

गुरुवार, २७ मार्च.

प्लेटा पंधरा दिवसांपूर्वीच बसल्या होत्या. आज नवे मीटर लागले आणि सुरू झाले. बसवायला आलेल्या माणसाने कागदावर सही घेताना विचारले की गावात दिवसा लाइट असते ना. मी म्हणालो, असते, अधूनमधून जाते. तो म्हणाला, मग ठीक आहे.

अप्पांनी मीटर पाहायचा हट्ट धरला. लांब नळी लावून त्यांना ओसरीवर खुर्चीत बसवले. मीटरवर आकडे फिरत होते, आपण दिलेले वेगळे आणि घेतलेले वेगळे. दुपारभर तिथेच होते. शेजारच्या भागाबाई भिंतीवरून डोकावून अप्पांना म्हणाल्या, "ईरण्णा, तुमच्या काचा समदं ऊन वडून घ्यायलेत. माझ्या मिरच्या वाळंनात." अप्पांनी त्यांना सांगितले की मिरच्या तोलून द्या, तेवढे ऊन संध्याकाळी परत करतो.

इतक्या दिवसांत अप्पा असे बोलले नव्हते.

सोमवार, ३१ मार्च.

काल युगादी झाली. अप्पांनी जुना इन्व्हर्टर आणि बॅटरी मठाला दिली.

सकाळी लिंगपूजा झाल्यावर त्यांनी मला बोलावले. मठात राहणाऱ्या मुलांच्या खोलीत लाइट गेली की अंधार असतो, असे स्वामींकडून त्यांनी कधीतरी ऐकले होते. म्हणाले, आता आपल्या डोक्यावर सूर्य बसवलाय, घरात दोन दोन गोष्टी कशाला. गरजेपेक्षा जास्त जे आहे ते आपले नाहीच, दासोहाचे, म्हणजे सगळ्यांना वाटायचे आहे. हे आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आलो आहे. अव्वेनेही मान हलवली.

मला म्हणायचे होते की आणखी महिनाभर राहू द्या. म्हणालो नाही. अप्पा सणाच्या दिवशी कुणाला काही देत असताना मध्ये बोलणे बरे दिसले नसते. गाडीत घालून मीच नेऊन दिले. मठातल्या मुलांनी वायरी जोडायला मदत केली. स्वामींनी अप्पांसाठी विभूतीची पुडी दिली.

शनिवार, ५ एप्रिल.

घाईने लिहितो आहे, अक्षर नीट येत नाही.

सव्वा बाराला लाइट गेली आणि मशीन बंद पडले. लखलखीत ऊन होते. मला वाटले एखादी पिन सैल झाली. स्लॅबवर धावलो. सगळे जागच्या जागी होते, पण सोलरच्या डब्यावर लाल दिवा होता. अव्वा खालून ओरडत होती. ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर घरात असतो, तो उघडून नळी लावली. पंचवीस मिनिटांनी लाइट आली तेव्हा मशीन चालू झाले आणि प्लेटाही चालू झाल्या.

बसवणाऱ्या माणसाला फोन केला. तो अगदी शांतपणे म्हणाला की असेच असते. तारेत लाइट नसेल तर प्लेटा आपोआप बंद होतात, नाहीतर खांबावर चढलेला लाइनमन आपल्या घरच्या करंटने मरेल. बॅटरी असेल तर गोष्ट वेगळी. तुम्ही तर नको म्हणालात.

म्हणजे ऊन असून उपयोग नाही. जेव्हा गरज आहे नेमके तेव्हाच नाही. मी दिवसभर सावल्या आखत बसलो आणि ही एक गोष्ट विचारली नाही.

अप्पांना सांगितले आणि म्हणालो, मठातून इन्व्हर्टर परत आणतो, स्वामींना कळेल. अप्पांनी नाकातली नळी नीट केली.

"दिल्यालं परत मागायलास?"

"अप्पा, तुमच्या जिवासाठी मागायलोय."

"जीव कुनाचा हाय? त्योबी परत द्यायचाच हाय की. मागू नगंस. माझी आन हाय."

रविवार, ६ एप्रिल.

अण्णाला सगळे सांगितले. तो अस्वस्थ झाला. म्हणाला, हे मला सुचायला पाहिजे होते, इथे लाइट जातच नाही म्हणून डोक्यात आले नाही. गेल्या वर्षी वादळात एकदाच गेली, तेव्हा त्याने दिवसभर गाडीवर फ्रीज चालवला. गाडी ज्या तोंडाने करंट घेते त्याच तोंडाने देते. एक हातभर वायर येते गाडीबरोबर, तिच्या टोकाला घरातल्यासारखा सॉकेट असतो, त्यात काहीही लावा.

मी विचारले की आपल्या गाडीत तसे असेल का. तो म्हणाला, "आपल्याकडच्या गाड्यांत कुठलं आलंय ते. त्यात तुझी सेकंडहँड." मग म्हणाला की हावगेप्पाकडून घाईने काही घेऊ नकोस, अण्णाच कलबुर्गीच्या चांगल्या दुकानातून लिथियमची बॅटरी पाठवेल, आठ-दहा तास ओढणारी. बसवजयंतीपर्यंत, म्हणजे महिनाअखेर, येईल. तोवर सिलिंडर भरलेला ठेव.

अप्पांना फ्रीजची गोष्ट सांगितली. त्यांना फार आवडली. म्हणाले, "बैलासारखं झालं की. गाडीबी वडतंय, मोटबी वडतंय."

शुक्रवार, ११ एप्रिल.

आज मठापर्यंत गेलो होतो. अप्पांची आण असूनही गेलो. फाटकापाशी गाडी थांबवली. मुले अंगणात भाकरी खात होती. स्वामींनी मला पाहून हात वर केला आणि अप्पा कसे आहेत विचारले. मागितले असते तर त्या क्षणी त्यांनी स्वतः उचलून गाडीत ठेवले असते. म्हणूनच मागता आले नाही. बरे आहेत म्हणालो आणि परत आलो.

शनिवार, १९ एप्रिल.

बॅटरी हैदराबादहून निघाली असे दुकानदार म्हणतो. ऊन फार वाढले आहे. प्लेटा भरपूर देतात. लाइट रोज थोडी थोडी जाते आणि मी रोज सिलिंडरचा काटा पाहतो. कलबुर्गीचे एक चांगले भाडे सोडले. अव्वा म्हणाली, असा किती दिवस दारात बसणार आहेस. मी म्हणालो, बसवजयंतीपर्यंत.

शुक्रवार, २५ एप्रिल.

अप्पा काल गेले, लिंगैक्य झाले.

रविवार, २७ एप्रिल.

जसे झाले तसे लिहून ठेवतो, नाहीतर पुढे मीच बदलून सांगेन.

गुरुवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी पाणंदीजवळची टीसी फुटली, म्हणजे गावाला लाइट देणारी डीपी. बार उडाल्यासारखा आवाज झाला आणि तेलाचा वास आला. लाइनमन म्हणाला की जळाली, दुसरी आणावी लागेल, आज होणार नाही. सिलिंडर लावला. तो तीन तास जातो असा माझा हिशोब होता. पण अप्पांना त्या दिवशी जास्त धाप लागत होती म्हणून मी हवा वाढवली होती. एक वाजता काटा पाहिला तर लालच्या जवळ होता.

आळंदच्या दवाखान्यात न्यायचे ठरवले. रुग्णवाहिकेला फोन लावला, ती कलबुर्गीला गेलेली होती. अप्पांना मी आणि भागाबाईंच्या जावयाने उचलून गाडीत बसवले. अव्वा मागे त्यांना धरून बसली, सिलिंडर तिच्या पायांशी. मशीन घरातच राहिले, ते नेऊन काय करणार होतो. गाडी अठ्ठ्याऐंशी टक्के भरलेली होती. एसी लावला.

मी जोरात चालवत होतो. रस्ता खराब आहे. अव्वेला उलटी होईल असे वाटू लागले. अप्पा म्हणाले, "अमर, सावकाश. अव्वेला मळमळायलंय." मी वेग कमी केला. थोड्या वेळाने म्हणाले, "गाडीला आवाजच न्हाई बघ." ते चांगले म्हणून म्हणाले की काय ते कळले नाही. त्यानंतर सिलिंडरचा आवाजही थांबला. आळंदची पहिली घरे दिसत होती. मी पुन्हा वेग वाढवला. अव्वेने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आता कामून पळवायलास?"

शेतात बसवून माती दिली, आपल्या रीतीने. स्वामी आले होते. त्यांच्यासोबत मठातली मुले पायी आली आणि बेलाची पाने घेऊन रांगेत उभी राहिली. मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही.

काल दुपारी नवी टीसी बसली. लाइट आली तेव्हा घरात पंधरा-वीस माणसे होती. मशीनचे बटण बंद करायचे राहून गेले होते. ते आपोआप सुरू झाले आणि रिकाम्या खाटेशेजारी नळीतून हवा सोडू लागले. कुणी उठले नाही. मी उठलो तेव्हा अव्वा म्हणाली, "राहू दे थोडा वेळ."

अण्णा आज पहाटे पोचला. मातीला तो नव्हता. दारातच बसला, आत येईना.

बुधवार, ३० एप्रिल.

बसवजयंती. मिरवणूक आमच्या दारासमोर आल्यावर वाजंत्री थांबली आणि पुढे जाऊन पुन्हा सुरू झाली. बॅटरी घेऊन टेम्पो आला. अण्णाने सही केली आणि खोके तसेच ओसरीवर ठेवले. मी त्या खोक्याकडे पाठ करून बसतो.

शुक्रवार, २ मे.

अकराव्या दिवसाच्या शिवगणाराधनेच्या जेवणासाठी किराणा आणायला अण्णा पहिल्यांदाच माझ्या गाडीत बसला. गाडीच्या पडद्यावर बोट फिरवून काहीतरी पाहत होता. त्याला सवय आहे. एका ठिकाणी थांबला आणि वाचत राहिला. काय आहे विचारले तर काही नाही म्हणाला.

आळंदमध्ये मी दुकानात असताना त्याने डिकी उघडली होती. मी पोती घेऊन आलो तेव्हा खालची चटई उचललेली होती. पंक्चरचे सामान असते त्या खणातून त्याने एक हातभर लांब काळी पिशवी काढली होती, चेन लावलेली. मी तो खण कधी पूर्ण उपसला नव्हता. स्टेपनीखाली काय असणार. पिशवी त्याने स्वतःच्या खांद्यावरच्या बॅगेत घातली.

"ते कशाचं हाय?" मी विचारले.

"तुझ्या कामाचं न्हाई."

येताना खजुरीच्या अलीकडे त्याने गाडी थांबवायला सांगितली. समोर पाहतच विचारले, "त्या दिवशी गाडी किती टक्के होती?"

"अठ्ठ्याऐंशी."

तो उतरला आणि बांधावरून चालत गेला. बराच लांब गेला. पाठमोरा उभा होता. मी गाडीतच थांबलो. मला वाटले मी किती वेगाने चालवली असेल याचा तो हिशोब करत असेल. परत आल्यावर मीच सांगितले की आधी वेग सत्तर ठेवला होता, अप्पा म्हणाले म्हणून कमी केला, त्यात चार-पाच मिनिटे गेली असतील. अण्णाने माझे मनगट धरले. इतके घट्ट धरले की घड्याळाचा पट्टा रुतला.

"तुझं काई चुकलं न्हाई, अमर. हे वहीत लिहून ठेव. तुला समदं लिहायची सवय हाय ना? लिही."

म्हणून लिहिले आहे. पण ती चार-पाच मिनिटे होतीच.

सोमवार, ५ मे.

काल शिवगणाराधना झाली. गाव जेवले. मठातली मुले वाढायला होती.

रात्री अण्णाने अव्वेसमोर सांगितले की ही गाडी विकून टाकायची, तो जायच्या आधी. मी म्हणालो, आता कुठे भाडी बसायला लागली आहेत, शाळेचे मास्तर महिन्याने ठरवणार आहेत, आणि प्लेटांचा करंट फुकट आहे. तो म्हणाला, डिझेलची घे, मी पैसे पाठवतो. सगळ्या जगाला करंटवरच्या गाड्या सांगणारा माणूस डिझेलची घे म्हणतो. कारण विचारले तर म्हणतो, तुझ्या डोळ्यांसमोर नको. कुणी तिच्याबद्दल नीट माहिती असणारा भेटेल, काहीबाही सांगेल.

काय सांगेल, मी विचारले. अव्वा मध्येच म्हणाली की विकू दे, अप्पा तिच्यात गेले, तिला ती नको वाटते. अण्णाने तिच्याकडे पाहिले. 

मी हो म्हणालो. गाडीवर राग धरून काय होणार, तिने तर सगळे नीट केले. पण अण्णा थोरला आहे. चार वर्षांनी आला तो असा. त्याला एवढे तरी करू द्यावे.

बुधवार, ७ मे.

कलबुर्गीच्या व्यापाऱ्याने गाडी नेली. अण्णाने अट घातली की गाडी गावात किंवा आळंदला विकायची नाही. व्यापारी हसून हो म्हणाला. गाडी गल्लीतून वळली तेव्हा आवाज आलाच नाही, नुसती नाहीशी झाली.

शुक्रवार, ९ मे. सायंकाळी सात.

अण्णाला हैदराबादच्या विमानतळावर सोडून बसने परत आलो. अव्वेने मशीन धुऊन पुसून कापडात बांधले आहे. उद्या दवाखान्यात देणार आहे. प्लेटा चालू आहेत. घरात आता एक पंखा आणि दोन दिवे एवढेच असतात, बाकीचे सगळे तारेत जाते. मीटर दिलेलेच मोजते आहे.

आजपर्यंतचा हिशोब:

खर्च. गाडी ९,४०,०००. सोलर १,८६,०००. मशीन ३८,५००. शिवगणाराधना ६१,३००. (लिथियमची बॅटरी न उघडता परत केली. पैसे पूर्ण मिळाले.)

जमा. अनुदान ७८,०००. गाडी विकून ८,२५,०००. त्यातून बँकेचे उरलेले ५,२८,४०० फेडले, राहिले २,९६,६००. बँकेचे देणे नाही.

अण्णाने दिलेले. गाडीसाठी ४,००,०००, सोलर १,८६,०००, मशीन ३८,५००. एकूण ६,२४,५००.

अनुदान आणि गाडीचे उरलेले मिळून ३,७४,६००, त्यातून शिवगणाराधनेचे गेले, हातात ३,१३,३००. ते सगळे अण्णाला द्यायला विमानतळावर पाकिटात नेले होते. त्याने पाकीट माझ्या खिशात परत घातले. म्हणाला, "देनं माझ्याकडं निघायलंय, अमर. तुझ्याकडं न्हाई."

घरी येऊन दोनदा बेरीज केली. त्याचे म्हणणे बरोबर येत नाही. हातातले सगळे दिले तरी अण्णाला माझे देणे ३,११,२०० निघते.